अर्जुनसालीचा अर्क

४ जानेवारी, धुळे
आले बाई एकदाची! देवपुरात खोली मिळाली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीही. घरमालकीण सुनंदाबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी मागितलीच. यावलच्या जंगलातून आलेल्या अर्जुनाच्या सालीचा अर्क काढायचा, उंदरांना पाजायचा, मग हृदय बिघडवणारं इंजेक्शन द्यायचं आणि अर्कानं हृदय किती वाचलं ते बघायचं, हे माझं काम. भडगावला आमच्या आबांचं हृदय निम्मंच चालतं. म्हणून तर हेच काम मागून घेतलं.

१९ जानेवारी
आज अर्क पडताच परीक्षानळीतलं जांभळं द्रावण पिवळं झालं. म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून जबरदस्त! कधी न हसणारे धर्मेंद्र सर हसले. इंजेक्शननंतर नुसतं पाणी प्यायलेले उंदीर मेले, अर्क प्यायलेले टुणटुणीत. चाचणी अजून पुरी व्हायची आहे, पण मला राहवेना. उरलेला अर्क बाटलीत भरून भडगावच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला. सरांना बोलले नाही.

२ फेब्रुवारी
आबांचा फोन. म्हणाले, पोरी, आते माले बठ्ठं बरं वाटस. गिरणा नदीपर्यंत चालत जाऊन आले म्हणे! फोन ठेवून ढसाढसा रडले. आणखी एक बाटली धाडली.

११ फेब्रुवारी
परवा तपासणीसाठी अर्कवाले उंदीर भूल देऊन मारले, हृदयं काढून फॉर्मलिनमध्ये ठेवली. आज बरण्या पुसताना पाहिलं. ती धडधडतायत. सर म्हणाले, स्नायू आखडतात कधीकधी. परवापासून?

१२ फेब्रुवारी
एक हृदय कात्रीनं कापलं. दोन्ही तुकडे धडधडतात. आबांना फोन केला, बाटली ओतून द्या म्हटलं. हसले. कालच संपवली.

१४ फेब्रुवारी, भडगाव
आबा गेले. चहा घेता घेता मान टाकली. श्वास नाही. अंग गार. पण छातीवर हात ठेवला आणि — धडधड. डॉक्टरांना ओढत आणलं. म्हणाले, तुझ्याच बोटांची नाडी लागतेय तुला, बाई. हितेंद्रभाऊच्या पाया पडले, आज नेऊ नका, उंदरांचं सगळं सांगितलं. पोर दुःखानं बहकली, म्हणत कुंदाकाकूनं मला कोंडलं. नेलं. देवा, नेलं त्यांना —

१६ फेब्रुवारी
राख सावडायला गेले. भाऊ दूध शिंपडत होता. एका जागी राख वर येत होती. खाली जात होती. वारा आहे म्हणे. वारा नव्हता. मी हात घातला — ऊन, ओलं — पदरात घेऊन पळाले —

कोठीची कडी लावलीय. समोर ताटात ठेवलंय. थांबत नाही. काय करू? कुणाला सांगू? कापू? नको, नको —

हाक मारली, आबा. जोरात धडधडलं.
गप्प बसले. हळू झालं.
आबा. पुन्हा जोरात —
ऐकतात. म्हणजे आग लावली तेव्हा, चितेवर, त्यांना सगळं कळत होतं —