आजीबाईंचं मत

ता. ४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर निम्म्या गावाला अचानक आठवतं की आपल्या पोरांना फळा दिसत नाही, आणि सगळे आमच्या दुकानात. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून माझ्या बोटांवरचे ठसे पुसले गेलेत. आता चोरी करायला हरकत नाही.

बाबांचा उजवा हात तसाच आहे, मांडीवर कुणी दुसऱ्याने विसरून ठेवल्यासारखा. बोलणं मात्र पुष्कळ सुधारलं. मी सात वाजेपर्यंत दुकानात, म्हणून दुपारी एक सिस्टर येतात. शेजारच्या गावाहून बसने येतात. हात चोळून देतात आणि बाबांचं ऐकून घेतात, म्हणजे दोन्ही अवघड कामं त्याच करतात.

आणि ऐक, तुमच्या वाहिनीने आमच्या घराची शिस्त बिघडवली आहे. पाच वाजता ती जपानी कार्टून मालिका लागते ना, पंखवाल्या मुलीची? ती ढगांवरच्या बेटांवर उडत जाते आणि तिचा नावाडी बाप खाली नदीवरच राहतो, ती. बाबा ती एकही दिवस चुकवत नाहीत. सुट्टीच्या दिवशी मी मध्ये काही बोलले तर हात वर करून गप्प करतात. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस आता चित्रं बघत बसलाय. परवा विचारत होते, लोक या मालिकेबद्दल पत्रं पाठवतात ती तिथे कोण वाचतं. मी म्हटलं, तुमचाच मुलगा वाचतो, त्यालाच लिहा. त्यावर टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.

नऊ वर्षं झाली रे. एकदा येऊन जा.

तुझी,
ताई

ता. १७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ठसे गेले असतील तर इकडे ये, आमच्या साहेबांचं पेन चोरायचं आहे.

तुझ्या त्या मालिकेने माझं टेबल बुडालंय. रोज दोन पिशव्या पत्रं. एक मुलगा लिहितो, पंख निळे का नाहीत. एका वर्गाने मिळून सह्या करून मागणी केली आहे की नावाड्याला नदीत बुडवा, कारण त्याने मुलीचे पंख होडीच्या तळाशी लपवले. आमची पद्धत अशी : पंचविशीच्या आतल्यांची पत्रं वरच्या खणात, त्यांची मतं मोजून वर जातात. मोठ्यांची खालच्या खणात, ती मोजत नाहीत, महिनाअखेरीस रद्दीत. पण छापील कार्ड सगळ्यांना जातं, आणि त्यावर हाताने एक ओळ लिहावीच लागते, म्हणजे कुणीतरी वाचलं असं वाटतं. ती ओळ लिहिणारा कुणीतरी म्हणजे मी.

या आठवड्यात एक गंमत झाली. वळणदार बायकी अक्षरात पत्र आलं, खाली नुसतं ‘एक जुना प्रेक्षक’. म्हणे मुलीच्या पंखांचे पट्टे खांद्यावर बांधलेत ते चूक आहे, माणूस हवेत लटकला की सगळा भार कमरेवर येतो, खांदे निखळतील. आम्ही तिचं नाव ‘आजीबाई’ ठेवलं. मी त्याच कागदावर खाली कमरेला पट्टा बांधून उडणाऱ्या आजीबाई काढल्या आणि तो फळ्यावर लावला. सगळं ऑफिस हसलं. कार्डावर लिहिलं, ‘पट्ट्यांबद्दल कळवलंत, आभारी आहोत.’

येण्याचं म्हणशील तर त्यांनी बोलवावं, मी येईन. माझी वही त्यांनी फाडली, मी त्यांची नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक उडणारा माणूस होता, पानं भरभर सोडली की तो छपरावरून निघून ढगात जायचा. दीड वर्ष काढत होतो. त्या पानांना त्यांनी ब्रश पुसले. हे तुलाही माहीत आहे.

तुझा,
बारक्या

ता. २२ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या आजीबाईंचं वाचून मी दुकानात एकटीच हसले. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या नव्या चष्म्याला हसते आहे.

बाबा हल्ली खुशीत असतात. सिस्टर पर्समधून त्यांना काहीतरी आणून देतात आणि ते उशीखाली जातं. मी विचारलं तर म्हणाले, तुझ्या कामाचं नाही. या वयात कुणाची पत्रं येतात, असं मी चिडवलं तर चक्क लाजले. गेल्या आठवड्यात माझ्याकडून पाटी आणि खडू मागवून घेतला. डाव्या हाताने अक्षरं गिरवतात आणि मी आले की पुसून टाकतात.

ते बोलावणार नाहीत, बारक्या. त्यांना ते जमत नाही, आणि तुलाही ते जमत नाही. मी मध्ये बसून दोन्हीकडच्या काचा किती घासू? एक ओळ तरी लिही त्यांना. त्या मुलांना लिहितोस तशी.

वाट बघते.

तुझी,
ताई

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मालिका संपत आली. शेवटी मुलगी मागे न बघता निघून जाते आणि बाप काठावर उभा, हे जाहिरातीवरून कळल्यापासून पत्रांना ऊत आलाय. पोरं खूश आहेत.

आजीबाईंचं चौथं पत्र आलं, चांगलं दोन पानी. या वेळी पट्ट्यांचं नाही. म्हणतात, त्या बापाने पंख रागाने लपवले नसतील. त्याने कुणाला तरी उंचावरून पडताना पाहिलं असेल आणि ते घरी सांगता आलं नसेल. त्याला एक प्रसंग द्या, एवढंच मागणं आहे, मुलगी थांबली नाही तरी चालेल.

का कोण जाणे, ते वाचून मला रागच आला. कार्डावर लिहिलं, ‘गोष्ट बदलणं आमच्या हातात नाही. बापाला बोलायचंच असतं, तर नव्वद भागांत वेळ होता.’ टपालात टाकल्यावर जरा वाईट वाटलं. म्हाताऱ्या बाईला असं लिहायला नको होतं. पण कार्ड गेलं.

बाबांना ओळ लिहायचं मनात आहे. कागद घेऊन बसतो, मायना लिहितो, पुढे काही सुचत नाही. गंमत बघ, दिवसाला शंभर ओळी लिहिणारा माणूस मी.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या

ता. १४ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

बाबा गेल्याचा फोन मिळाल्याबरोबर तू निघालास, तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दोन दिवस राहिलास आणि त्यांच्या खोलीत एकदाच गेलास. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, नाहीतर तुला तसं जाऊ दिलं नसतं. काल गादी उन्हात टाकायला काढली. खाली तुमच्या दर्शक विभागाची चार कार्डं निघाली, सिस्टरांच्या पत्त्यावर आलेली.

मी त्यांच्याकडे जाऊन आले. बाबा सांगायचे आणि त्या लिहायच्या. पत्ता मुद्दाम त्यांचा, कारण घरचा पाहिला असतास तर तू उत्तर दिलं नसतंस, असं बाबांचं म्हणणं. पहिलं कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते खिडकीशी धरायला लावलं. ‘कळवलंत’मधल्या ळ वर बोट ठेवून म्हणाले, दोन्ही पोटं सारखी आहेत, हा माझ्या पोराचा हात आहे, पाटीवर दोनशे वेळा गिरवून घेतलाय मी. मग दुसरं पत्र सांगायला घेतलं. सिस्टर म्हणतात, मालिका आवडायची त्यांना, पण पाचच्या आधी ते टपालाचं विचारायचे.

आणखी एक सांगायचं आहे, ते मी फार आधी सांगायला हवं होतं. तू छत्रीच्या कापडाचे पंख करून गच्चीच्या कठड्यावर उभा राहिला होतास, आठवतं? त्याच्या आदल्या दिवशी बाबांच्या जोडीदाराचा दोर तुटला होता. दोघं एकाच पाटीवर काम करत होते, चौथ्या मजल्यावर. बाबांच्या डोळ्यांदेखत तो खाली गेला. वही त्यांनी त्या संध्याकाळी फाडली, ब्रश नंतर पुसले. मला हे आईने सांगितलं होतं. तुलाही सांगितलं असेल असं मी धरून चालले. इतकी वर्षं धरूनच चालले रे.

तुझं शेवटचं कार्ड आल्यावर सिस्टरांनी विचारलं, उत्तर लिहायचं का. बाबा म्हणाले, हे मी लिहीन. डाव्या हाताने तीन दिवस लागले त्यांना. पाठवायचं राहिलं. कागद सोबत ठेवते आहे. ‘मत पटलं. वेळ होता.’ एवढंच आहे. बाकीची अक्षरं कोलमडलीत, ‘वेळ’मधला ळ तेवढा उभा आहे.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. माझ्याच्याने एकटीने सोसवत नाही म्हणून लिहिते.

तुझी,
ताई

ता. २ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर राग नाही. विचारलं मीही नव्हतं.

खालचा खण उपसला. दुसरं, तिसरं, चौथं पत्र रद्दीत गेलं, मीच सुतळी बांधून दिलं होतं. रद्दीवाल्याच्या गोदामात जाऊन आलो, त्याने मला लगदा दाखवला. एकच पत्र शिल्लक आहे, फळ्यावरचं, कारण आम्हाला हसायचं होतं. ते खाली काढलं. त्याखाली मी काढलेल्या आजीबाई आहेत. पट्टा कमरेला बरोबर जिथे बांधलाय तिथेच बाबा दोर बांधायचे, वरून दोन आणि मागून एक वेढा. हाताला माहीत होतं, ताई. मलाच कळलं नाही. त्या वहीनंतर मी काढलेलं हे पहिलं चित्र.

बाबांचा कागद नियमाप्रमाणे नोंदवला. वयाच्या रकान्यात खरं वय लिहिलं आणि तो वरच्या खणात ठेवला. साहेबांनी विचारलं तर सांगेन, हे मत मोजायचं आहे.

प्रत्येक पत्राला कार्ड जातं, म्हणून याचंही तुझ्या पत्त्यावर पाठवतो आहे. त्यांच्या उशीखाली ठेव. ‘प्रिय प्रेक्षक’ हे छापील शब्द खोडून वर ‘ती. बाबांस’ लिहिलं आहे. खाली हाताने एक ओळ लिहायची असते. दोन दिवस कार्ड समोर घेऊन बसलो. नोकरीच्या सहा वर्षांत एकही कार्ड कोरं गेलं नव्हतं. हे तसंच पाठवतो.

पुढच्या महिन्यात येतो. या वेळी त्या खोलीत झोपेन. तोवर माझ्यावरची माया सांभाळून ठेव.

तुझा,
बारक्या