आपल्याच तलावाची राखण

प्रिय बा,

उद्या सकाळी ठेकेदाराचा मुनीम उत्तर मागायला येणार आहे. मी हो म्हणू की नाही, हे घरात सगळे मलाच विचारतात. खरं तर हे तुला विचारायला हवं होतं! पण तू गेल्या पोळ्याच्या आधीच तापाने फणफणून निघून गेलास, आणि तू केलेलं निस्तरायला मला ठेवलंस. म्हणून हे पत्र. माझा राग ऐकून घ्यायला दुसरं आहे कोण?

नोकरी कसली, सांगू? तलावाच्या राखणदाराची. आपल्याच तलावाच्या! गावातल्या कोणी मासोळी धरू नये म्हणून मी, पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या ढिवराचा लटारी, काठी घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावरून फिरायचं. महिन्याच्या महिन्याला पगार. वर एक खाकी सदरा.

बा, हे कोणामुळे झालं? कायद्याने मालगुजाराची जमीनदारी गेली, तलाव सरकारकडे गेला, तेव्हा चांद्याहून साहेब चौकशीला आले होते. चिंचेखाली सारा गाव जमला होता. साहेबांनी तुलाच विचारलं, कारण ढिवरांचा मुखिया तू. "या तलावातली मासोळी कोणाची?" आणि तू हात जोडून काय म्हणालास? "मालकाचीच जी सारी. आमी कोन? आमी त फक्त काढनारे."

अरे, काऊन म्हणालास असं! मालगुजार शेजारी खाटेवर बसला होता म्हणून? त्याची मालकी तर गेलीच होती!

मला ठाऊक आहे, ती आपली बोलायची रीत. पाहुण्याने कोंबड्याचं कौतुक केलं तरी "तुमचाच जी" म्हणणारी माणसं आपण. पाहुणाही हसतो, भाकर खातो आणि हात हलवत घरी जातो. कोंबडा काखोटीला मारून नेत नाही. पण साहेब परक्या मुलखातले, बा! त्यांना आपली रीत काय माहीत? तुझ्या तोंडून निघालं ते त्यांनी खरं मानलं. गावाचा हक्क कागदावर कुठेच लागला नाही, आणि पुढच्याच वर्षी मासोळीचा लिलाव होऊन ती या ठेकेदाराकडे गेली.

त्यानंतर तू कोणाशी धड बोललाच नाहीस. लोक शिव्या देत होते, त्या ऐकायला मी होतो. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचास. एकदा तरी उठून चांद्याला जायचं होतंस, "साहेब, मी रीतीने बोललो, तलाव गावाचा आहे" एवढं तरी सांगायचं होतंस! भीती वाटली? लाज वाटली? मला तरी सांगायचं होतंस ना रे.

उन्हाळ्यात पाणी आटलं की दवंडी पिटायची, आठवतं? गावभरची माणसं टोपल्या, लुगडी, जे हाती येईल ते घेऊन चिखलात. पहिलं जाळं तुझं, आणि पहिली मोठी मासोळी त्या वर्षी ज्या घरी माणूस गेलं असेल त्या घरी. या वर्षी ती आपल्या घरी यायला हवी होती.

नोकरी नको, असं तोंडाने म्हणणं सोपं आहे. तुझी सून जनी पोटुशी आहे. मी बांबू कटाईला जंगलात जातो तेव्हा पंधरवडा घरी नसतो. माय रोज सांजेला टोपली घेऊन काठाकाठाने झिंगे धरते, त्यावर कालवण होतं. म्हणून मी मुनीमला विचारलं, "सगळ्यायले अडवाचं? माह्या मायले बी?"

तो पान थुंकून हसला. "सब म्हणजे सब. मायपासूनच सुरू कर. मंग गाव आपोआप भिते."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. दिली नाही. तुझाच पोरगा ना!

मायला हे कसं कळलं कोण जाणे. परवापासून ती पाण्याकडे फिरकलीच नाही. मला म्हणते, "घे ना बाबू नोकरी. काऊन नाई म्हनून राह्यला? मी नाई जात आता पान्यात. मले झिंगे तसेबी आवडत नाई." खोटं बोलते, बा! आयुष्यभर झिंग्यांवर जेवलेली बाई. मी अजून तिला अडवलंही नाही, आणि ती थांबली. तिचा मला इतका राग आला की मी ताटावरून उठलो. मग ती म्हणाली, "तुहा बा असता त त्यानं घेतली असती."

हो, घेतली असतीस! कारण तुला कधी कोणाला नाही म्हणता आलं नाही. मुनीमने हुकूम केला असता, आणि तू मान डोलावून आपल्याच बायकोला काठावरून हाकललं असतंस. मग घरी येऊन रडला असतास.

मी घेणार नाही ही नोकरी. लोक मला खुळा म्हणतील, जनीचे भाऊ भांडायला येतील. दुसरा कोणी तो सदरा घालेल आणि काठी घेऊन मायच्या अंगावर येईल. त्या वेळी मी तिच्याशेजारी गुडघाभर पाण्यात असेन, हे वचन. उद्या मुनीमशी बोलताना आवाज चढवणार नाही. तू शिकवलंस तसा मान देईन, 'जी' म्हणेन. पण 'नाई जी' म्हणेन.

तुझा रागावलेला लेक,
लटारी