अक्रोडाच्या पोटातली शाई

प्रिय खोडरबर,

(पाकिटावर तुझं खरं नाव घातलं आहे, घाबरू नकोस. पाकीट नातवंडांसमोर फोडलंस तरी चालेल, पत्र मात्र एकट्याने वाच.)

साष्टांग घालत नाही, कारण हल्ली वाकलो तर उठवायला माणूस लागतं. तेव्हा उभ्या उभ्याच कडकडून नमस्कार. तुझा खोकला, वहिनींची साखर आणि तुमच्या जिन्यातला तो कधीच न लागणारा दिवा, या तिघांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळव. इकडे मी ठीक. हिचा गुडघा मात्र ठीक नाही. येत्या सोमवारी तो बदलायचा आहे, आणि डॉक्टरांनी बजावलं आहे की त्यानंतर तीन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही. म्हणजे हिला खालच्या खोलीत राहायला हवं. आणि खालच्या खोलीत, मित्रा, गेलं दीड वर्ष आपलं अक्रोडाचं झाड राहत होतं, त्यातलं थोडं अजून आहे. पत्राचा विषय एवढाच. बाकीचा सगळा फापटपसारा, पण तो तू वाचशीलच. पाचवीत माझ्या बाकावर येऊन बसलास तेव्हापासून तुला ती शिक्षाच आहे.

झाड गेल्याचं तुला कळवलं होतं. (कळवलं नव्हतं का? मग आता कळवतो.) गेल्याच्या गेल्या वर्षीच्या वादळात ते शेजाऱ्यांच्या छपरावर असं रेललं, जसा तू भूगोलाच्या तासाला माझ्या खांद्यावर रेलायचास. शेजारी भले, पण छपराला भलेपणा कळत नाही. झाड पाडावं लागलं. त्या दिवशी मी मागच्या खोलीत दार लावून चौथीच्या पुस्तकातल्या झाडांवरच्या सगळ्या कविता ओळीने म्हणत बसलो, आणि शेवटची संपली तेव्हा अंगणात एवढा उजेड झाला होता की घर दुसऱ्याच कुणाचं वाटावं. मी जळणवाल्याला बोलावणार होतो. पण ज्याने झाड पाडलं तो करवतवाला ओंडक्यावर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, याचं जळण केलंत तर मी पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. फळ्या पाडू." आणि दुसऱ्या दिवशी तो जीपच्या मागे एक लांबलचक करवतीचं यंत्र जोडून घेऊनच आला.

आता जे सांगतो ते नीट वाच, कारण असं मी चौऱ्याहत्तर वर्षांत दुसऱ्यांदा काही पाहिलेलं नाही. पहिली फळी बाजूला झाली तेव्हा आतलं लाकूड फिकट होतं, हिरवट, आजारी माणसाच्या तळव्यासारखं. मी हिरमुसलो. एवढा थोरला जीव, आणि आत हे? करवतवाला म्हणाला, थांबा जरा. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या फळीला हवा लागायला लागली. आधी कडेने, मग मधे, आतून कुणीतरी दिवा मोठा करत न्यावा तसा रंग चढत गेला. जांभळट झाला, मग तपकिरी, आणि त्या तपकिरीतून रेघा उमटल्या, नदीच्या वाळूवर पाणी ओसरल्यावर राहतात तशा. ऐंशी वर्षं ज्याने उजेड पाहिला नव्हता त्याने पहिल्यांदा उजेड पाहिला आणि ते भरून आलं, असंच म्हणावं लागेल. मी चपला काढून उभा राहिलो. (का काढल्या विचारू नकोस. करवतवाल्याने विचारलंच. तो म्हणाला, "खिळा-बिळा असेल आजोबा, चपला घाला.")

त्याच्या तोंडाला काय म्हणावं! पाचव्या फळीला करवत किंचाळली, ठिणग्या उडाल्या आणि पात्याचा एक दात तुटून जास्वंदीत जाऊन पडला. यंत्र बंद केलं, फळी उचलली, तर आत, सालीपासून वीतभर खोल, एक खिळा. बोटभर लांबीचा, चौकोनी डोक्याचा. तुला आठवतोच. दप्तर टांगायला, दुसऱ्या फांदीच्या खाली. झाडाने तो केव्हा गिळला कुणालाच कळलं नव्हतं. आणि त्या खिळ्याभोवती, मित्रा, निळा-काळा डाग, वर आणि खाली हातभर पसरलेला, ज्योतीच्या आकाराचा. करवतवाला म्हणाला की लोखंड आणि अक्रोडाचा रस एकत्र आले की असं होतं. पूर्वी लोक शाई अशीच करायचे. म्हणजे लक्षात येतंय का तुला? आपण शाळेत शाई सांडत होतो, परीक्षा देत होतो, नोकऱ्या केल्या, पेन्शनीत निघालो, आणि तेवढा सगळा काळ हे झाड आमच्या अंगणात उभ्या उभ्या शाई करत होतं. आणि आपण त्याच्याकडून काय नेलं, तर हिरव्या सालींनी काळी झालेली बोटं. तीसुद्धा गुरुजींना शाईची वाटायची आणि त्याबद्दल छड्या खायचो. मी डागापासून सालीपर्यंतची वर्तुळं टाचणीने मोजली. बरोबर बासष्ट. झाडाचं गणित माझ्यापेक्षा बरं.

करवतवाल्याने तुटलेला दात हातात धरून विचारलं, कुणी ठोकला हा? मी तुझं नाव सांगितलं. तो तुझ्याबद्दल जे बोलला ते इथे लिहीत नाही. तुला आमच्या वडिलांचं आठवतंच असेल. त्या खिळ्यापायी भर अंगणात तुला अंगठे धरून उभं केलं आणि ती सबंध सुट्टी फाटकाच्या आत यायला बंदी घातली. दोन ओळी मी फांदीवरून म्हणायचो आणि दोन तू भिंतीपलीकडून. कविता अशा भिंतीवरून येतात-जातात हे मला तेव्हा कळलं.

तर फळ्या. ओल्या लाकडाला घाई चालत नाही. दोन फळ्यांच्या मधे बोटभर पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी चळत रचून, सावलीत ठेवायची. सावली म्हणजे खालची खोली. हिचं शिवणयंत्र जिन्याच्या वळणावर गेलं, पाहुण्यांचा पलंग विकला, आणि चळत खिडकीला लागली. मला रोज जाऊन तिथे उभं राहायची सवय लागली. वाळताना फळ्या मधूनच टक्क करून वाजायच्या, वर्गात कुणाला तरी उत्तर आठवावं तशा. ही रोज जिना उतरायची ती बसून, एकेक पायरी, आणि मी पुढे उलटा चालत. खाली पोचलो की ही खोलीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि म्हणायची, "खोड कापलं, यांची खोड तशीच." (तुला सांगतो, पाठ्यपुस्तकात असा श्लेष नसतो.)

शेवटी डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा मी जाहिरात द्यायला तयार झालो. "अक्रोडाच्या फळ्या विकणे आहे" असं ही सुचवत होती. असं झाडाबद्दल कुणी लिहितं का? मी लिहिलं: "साठाहून अधिक वर्षे आमच्यावर छाया धरणारे आमच्या घरचे वडीलधारे वादळात कोसळले. त्यांचे तुकडे करून खालच्या खोलीत नीट वाळवून ठेवले आहेत. रसिकांनी सकाळी दहानंतर येऊन पाहावे." छापून आलं त्या दिवशी दहाला पाच कमी असताना पहिला रसिक आला. तो पोलीस होता. घरात वयस्क कोण कोण होते, आता कुठे असतात, असं त्याने अगदी हळुवारपणे विचारलं. ही वरून ओरडली की ती यांची कविता आहे, त्यांना पाणी द्या. मी खोली उघडून दाखवली. पोलिसाने टोपी काढली, एका फळीवर पालथा हात फिरवला, मग सुलटा फिरवला, आणि वही मिटून खिशात घातली. पंचनाम्याला आलेला माणूस पंधरा मिनिटं नुसता वास घेत उभा होता. जाताना म्हणाला, जाहिरात बदला काका, सगळे माझ्यासारखे नसतात.

खरंच नव्हते. एकाला भाजी चिरायचे पाट करायचे होते. मी विचारलं, यावर कांदा चिरणार? तो म्हणाला, कोबीपण. त्याला फाटकापर्यंत पोचवून आलो. एका जोडप्याला टीव्ही ठेवायला एक फळी हवी होती, पण तिचा रंग भिंतीला जुळेना. (भिंत बदला म्हणालो. त्यांनी हसण्यावारी नेलं.) शनिवार उजाडला, चळत होती तशी, आणि हिने माझ्याशी बोलणं कमी केलं. एरवी ही माझं सगळं ऐकून घेते आणि मग बोलते. आता नुसतं ऐकून घ्यायला लागली. माझा धीर सुटला.

आणि तेवढ्यात फोन आला. आवाज खर्जातला, सावकाश. म्हणाला, काका, मी पेट्या करतो. अरे, माझं काय झालं असेल! बाजाच्या पेट्या! आपलं झाड गाणार! मी विचारलं, अक्रोडाची पेटी चांगली होते? म्हणाला, अक्रोडासारखी दुसरी नाही. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येत असेल? तो म्हणाला, पाणी तर काका येतंच, प्रत्येक वेळी. झाकण कसं बसतं, आत हवा खेळते का, असंही मी विचारलं. झाकण घट्ट बसतं, हवेची गरज पडत नाही, असं तो म्हणाला. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण मी तोवर सगळ्या फळ्या त्याला देऊन टाकल्या होत्या, शब्द देऊन.

गेल्या रविवारी तो आला. लांब, वाळका, अतिशय स्वच्छ नखांचा माणूस. एका फळीला टेप लावली, मग सवयीने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि म्हणाला, "सहा फुटात बसेल." तेव्हा माझ्या डोक्यात पेटी उघडली. बाजाची नव्हे, शेवटची.

मी नाही म्हणणार होतो. शब्द मागे घेणार होतो, भांडणार होतो, दार लावून कविता म्हणणार होतो. ही तोवर बसत बसत शेवटच्या पायरीवर येऊन पोचली होती. म्हणाली, "अहो, ज्यांना जायचंय त्यांना हे पेटीवाले जागा देतायत. मला कुठे जायचं नाहीये. मला नुसतं खाली यायचंय."

मी दारातून बाजूला झालो. पेटीवाल्याने एक फळी उभी धरली, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला. मी विचारलं, तुमच्या पेटीला आवाजाचं काय? म्हणाला, "आतल्याला नसतं काका. उचलणाऱ्यांना असतं. पोकळ वाजली की त्यांचे हात कापतात." मित्रा, इतक्या कविता पाठ केल्या, पण दोन वाक्यांत असं सांगणारा माणूस मला शाळेबाहेर भेटला नव्हता. फळ्या टेम्पोत चढवताना मी स्वतः एका टोकाला हात लावला. खोली रिकामी झाली. भिंतीवर चळतीच्या पट्ट्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्या, वहीतल्या ओळींसारख्या.

आणि एक फळी राहिली. डागाची. पेटीवाला म्हणाला, डागाचा माल माणूस शेवटच्या दिवशी घेत नाही. त्याने रंधा मारून पाहिला. जितकं तासलं तितकी शाई गडद. तेव्हा तुझा खिळा, तुझी फळी. सोमवारच्या आत येऊन घेऊन जा, म्हणजे हिला पलंग टाकता येईल. एवढंच मागणं.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना पाढे.

तुझा,
बाकावरचा डावीकडचा

ता. क. फळी सात फूट लांब, दीड वीत रुंद आहे. बसमध्ये घेणार नाहीत. विचारून आलो.

ता. क. दुसरा. खिळा मी ठोकला होता. वडिलांनी विचारलं, कुणी? तेव्हा मी बोललो काहीच नाही, नुसतं तुझ्याकडे पाहिलं, आणि तू म्हणालास, मी. वर्गात सगळ्यांच्या चुका खोडून द्यायचास म्हणून तुला खोडरबर म्हणायचो. माझी ही एवढी थोरली चूकसुद्धा तू खोडलीस, आणि मी करवतवाल्याला परत तुझंच नाव सांगितलं. त्या वेळी निदान गप्प तरी होतो. झाडाने मात्र सगळं लिहून ठेवलं होतं. फळी तुझी नाही. तरी ने. ती रोज समोर बघणं मला जमणार नाही.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. भाऊजी, हे पत्र चार दिवस चाललंय, म्हणून मी वाचलं. खिळा यांनी ठोकला हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हीच सांगितलंत, आणि म्हणालात की वहिनी, तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका, तो खिळा मीच ठोकला यावर त्याची फार श्रद्धा आहे. सोमवारच्या आत जरूर या, पण फळी न्यायला नको. हे त्या फळीकडे फिरकत नाहीत, तेवढ्यात मी पेटीवाल्याकडून तिचा बाक करून घेतला आहे, माझ्या पलंगाशेजारी ठेवायला. मला तीन महिने चालायला शिकायचं आहे, त्यात यांच्या कविताही ऐकत बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही. दोघं ऐसपैस बसतील एवढा झालाय. डाग बरोबर मधोमध आला आहे. शाळेत तुम्ही बाकावर खडूने रेघ ओढून हद्दी आखायचात म्हणे; तर डाग कुणाच्या हद्दीत, ते तुमचं तुम्ही बघून घ्या.