माह्या ठुटातला बेडूक

सोमवार, संध्याकाळ

मागच्या साली मी बांबू पेराच्या वरून तोडला होता. पेल्यासारखं ठुट राह्यलं. मी कधी तोंड उघडत नाई म्हणून बाबा मले मुकीच म्हणते. तो तवा वरडला, "मुके, यात पाणी साचून बेट सडते ना!"

आज बाबासंग बेटात गेली तवा त्याच ठुटात वाकून पाह्यलं. आत नखाएवढा बेडूक, सोन्यासारखा पिवळा. अंड्यायले चिकटून बसला होता. आवाज नाई, नुसता गळा हालून राह्यला. असा बेडूक मी कधीच पाह्यला नाई.

बाबानं कुऱ्हाड उचलली, "हे ठुट बुडातून काढतो."

"बाबा, नाई!" मी वरडली. मी?

बाबानं वाकून पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग कुऱ्हाड खांद्यावर टाकून म्हणे, "चाल मुके. हे राहू दे."

बाबानंही असा कधी पाह्यला नसन. त्या बेडकाचा गळा अजून डोयापुढं हालून राह्यला.