कोळसो खंयच नको!

नारिंगखोल, तालुका देवगड
मार्च १९८९

चिरंजीव गणपत यास,

थोरली बहीण सत्यवती हिचे भरघोस आशीर्वाद. (तू बँकेत हेडक्लार्क झाल्यापासून तुला राजमान्य राजेश्री लिहावं की काय, असं मनात आलं होतं. पण लहानपणी तुझं नाक मीच पुसलेलं आहे, तेव्हा चिरंजीवच बरं.) इकडे सगळी खुशाली आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण शाळेतून निवृत्त झाल्यावर मला उलट बोलायला तेवढेच उरलेत, म्हणून मी त्यांना फार बोलत नाही. तुझा रक्तदाब कसा आहे? सीतेला म्हणावं, त्याला मीठ कमी दे आणि हे पत्र त्याला बसवून वाचायला दे. बसवून हे महत्त्वाचं.

तर गणपत, आपण जिंकलो! हे मी शेवटी लिहिणार होते, पण पोटात राहत नाही. आपल्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, कोळशावर चालणारं विजेचं केंद्र बांधायला एक कंपनी आली होती, हे तुला मागे कळवलंच होतं. खाडीत कोळशाची जहाजं लागणार, राख गावाच्या मागच्या घळीत पडणार, आणि चिमणी एवढी उंच की विजयदुर्गाहून दिसेल, असं त्यांचा माणूस अभिमानाने सांगत होता. (जणू विजयदुर्गच्या लोकांनी तशी मागणीच केली होती.) आंब्याचा मोहोर धुराने जळेल, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पण खरी चक्रं फिरवली ती काशिनाथ मास्तरांनी. हे आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात, सावंतवाडीचे आहेत, अंगाने काडी आणि आवाजाने ढोल. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं की कोळसा, रॉकेल, डिझेल यांचा धूर आकाशात साठतो, त्यामुळे उन्हाची ऊब बाहेर जात नाही आणि सगळ्या पृथ्वीलाच ताप चढत चाललाय. हे समजावायला त्यांनी देवळात सभा घेतली आणि शाळेतला पृथ्वीचा गोल आणून त्याच्याभोवती घोंगडी गुंडाळली. आता घोंगडीत गोल दिसेना, त्यामुळे मागे बसलेली तुळसा विचारू लागली की मास्तरांनी कुणाचं पोर आणलंय आणि त्याला काय होतंय. मास्तर चिडले. तेव्हा शेजारची राधाबाई उठली. (हिचीच आंब्याची कलमं सड्याच्या उतारावर आहेत.) ती म्हणाली, "म्हणजे मास्तरानू, जगाक आधीच ताप इलो आसा, आनी ह्ये लोक वर आनी एक घोंगडी घालतत?" मास्तर म्हणाले, "होय." राधाबाई म्हणाली, "मगे ती काढूक नको?" झालं. सभा संपली आणि आंदोलन सुरू झालं.

आंदोलन म्हणजे सोपी गोष्ट नव्हे, गणपत. कुणावर हात उगारायचा नाही, शिवी द्यायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं. (शिवी नाही म्हटल्यावर गावातली अर्धी माणसं मुकी झाली.) मग मास्तरांनी आणखी एक नियम काढला: ज्याला विरोध करतो ते आंदोलनात वापरायचं नाही. म्हणजे रॉकेलचे स्टोव्ह बंद, डिझेलच्या गाडीला हात लावायचा नाही, जायचं ते चालत किंवा बैलगाडीने. यात सगळ्यात जास्त हाल झाले बाबलीचे. दशावतारात राक्षसाची कामं करणारा बाबली तुला आठवत असेल. तो आमचा कोळसासुर होणार होता. तोंड काळं करायला त्याने कोळसा घेतला, तर मास्तर म्हणाले, कोळसा कसा चालेल? त्याने कंदिलाची काजळी घेतली, तर म्हणाले, ती रॉकेलची. शेवटी बिचाऱ्याने नारळाची करवंटी जाळली, तिची पूड खोबरेल तेलात कालवून तोंडाला फासली, आणि उन्हात त्या तेलाला असा काही वास सुटला की कोळसासुराच्या मागे गावातली सगळी कुत्री.

ज्या दिवशी कंपनीचे लोक हद्दीचे उरलेले दगड पुरायला येणार होते, त्या दिवशी आम्ही सगळे सड्याच्या रस्त्यावर बसलो. बायका पुढे, पुरुष मागे, बाबली मध्ये. इंजिनिअरची जीप आली, हॉर्न वाजला, आम्ही भजन सुरू केलं. इंजिनिअर तरुण होता, घाटावरचा, उन्हाने लाल झालेला. दुपारपर्यंत तो जीपमध्ये आणि आम्ही रस्त्यावर. शेवटी राधाबाईने उठून त्याला शहाळं नेऊन दिलं. तो घेईना. तिने सांगितलं, "घे रे झिला, तुझ्याशी भांडण नाय, तुझ्या कोळशाशी आसा." त्याने ते घेतलं. पाणी पिताना त्याचा ओशाळलेला चेहरा बघवत नव्हता, गणपत. पण त्याच्या वरच्या साहेबांनी आधीच पोलीस बोलावले होते.

फौजदार निळी गाडी घेऊन आले आणि आम्हाला अटक केली. खरं सांगते, त्या क्षणी मी चष्मा पुसत मागे रेंगाळले. जन्मभर पोरांना शिस्त शिकवली आणि म्हातारपणी पोलिसांच्या गाडीत! पण राधाबाई लग्नाला निघाल्यासारखी पदर सावरून पहिली चढली, मग मला मागे राहणं बरं दिसेना. लवू गावकऱ्याच्या बैलगाड्या पेजेची भांडी घेऊन आमच्या मागोमाग निघाल्या, सुटल्यावर परत यायची सोय म्हणून. गाडीने पहिली चढण घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीवर दोन आचके देऊन थांबली. डिझेल संपलेलं!

फौजदार खाली उतरले. म्हणाले, "उतरा सगळे, वरपर्यंत ढकला. पलीकडे उतार आहे, गाडी आपोआप देवगडात जाईल." मास्तर म्हणाले, "साहेब, अटक मान्य आहे. पण डिझेलच्या गाडीला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे." फौजदारांनी शिपायांकडे पाहिलं, शिपायांनी चढणीकडे. तेवढ्यात मागून लवू आला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "सायबानू, आमची गाडी आसा मा! बसा." ऊन असं होतं की फौजदारांनी फार वेळ विचार केला नाही.

आणि अशी आमची वरात देवगडात शिरली. पहिल्या बैलगाडीत पेजेच्या टोपाला टेकून फौजदार, टोपी मांडीवर. मागच्या गाड्यांत शिपाई. आम्ही कैदी दोन्ही बाजूंनी चालत, भजन म्हणत, सगळ्यांच्या पुढे कोळसासुर आणि त्याची कुत्री. बाजारातल्या लोकांना वाटलं, नारिंगखोलवाल्यांनी पोलीसच धरून आणले. दुकानं सोडून माणसं मागे येऊ लागली. कचेरीच्या पायऱ्यांवर प्रांतसाहेब उभे होते. त्यांनी आधी फौजदारांकडे पाहिलं, मग बैलांकडे, आणि रुमालात तोंड लपवलं. आम्हाला समज देऊन सोडलं आणि जाहीर सुनावणी ठेवली.

सुनावणीला कचेरीचं आवार भरून वाहत होतं. कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून आले होते, गोड बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. तुमचा एवढा विरोध आहे तर आम्ही केंद्र पलीकडच्या खाडीवर नेतो. मग तर तुमची हरकत नाही?" गणपत, माणसं खाली बघू लागली. सुटका समोर होती, नुसती मान हलवायची होती. मी मास्तरांकडे पाहिलं, तेही आपल्या चपलांकडे बघत होते. तेव्हा राधाबाई उठली. तिची मुलगी मथुरा पलीकडच्या खाडीवर दिलेली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती मथुरेबद्दल बोललीच नाही. ती म्हणाली, "हयचो धूर येगळो आनी थयचो येगळो? ताप सगळ्या जगाक येता मा? मगे कोळसो हय नको, थय नको, खंयच नको!" आणि सगळं आवार उठून ओरडायला लागलं, "खंयच नको!" कचेरीतला शिपाईसुद्धा हात वर करून ओरडत होता. दारात उभा असलेला तो तरुण इंजिनिअर ओरडला नाही, पण त्याचे ओठ हलताना मी पाहिले. कंपनीने आता कळवलंय की या किनाऱ्यावर केंद्र होणार नाही, ना आपल्या खाडीवर, ना पलीकडच्या. काल गावाने सड्यावरचे लाल खुणांचे दगड काढले, आणि रात्री स्टोव्ह न पेटवता सगळ्यांनी एकत्र जेवण केलं. माझ्या उभ्या आयुष्यात असा भात मी खाल्ला नाही.

सीतेला आणि मुलांना आशीर्वाद. बाकी भेटीअंती बोलूच.

तुझी,
अक्का

ता. क. भेटीचं म्हणते ते यासाठी, की पाडव्याला गावात तुझा जाहीर सत्कार आहे. नाही म्हणू नकोस, हार सांगून झालेत.

पुन्हा ता. क. सत्कार कशाबद्दल, असं तू विचारशील. त्याचं असं झालं, की सुनावणीत मोठे साहेब म्हणाले, सड्याच्या जमिनीचा एक वाटेकरी मुंबईत आहे, तो तयार होईल. मला राग आला. मी उठून सांगितलं, "माझा भाऊ गणपत मुंबईत तुमच्या कचेरीसमोर आमरण उपोषणाला बसलाय." टाळ्या थांबेनात रे! साहेबांनी घाम पुसला. कंपनीने माघार घेतली ती तुझ्या उपोषणामुळेच, असं आता अख्खा तालुका मानतो.

शेवटचं ता. क. पाडव्याला अजून अवकाश आहे, तेव्हा रात्रीचा भात आजपासून बंद कर आणि जमेल तेवढा बारीक होऊन ये. राधाबाई सगळ्यांसमोर तुला लिंबाचं सरबत देणार आहे. ते डोळे मिटून, हळूहळू पी. दुसरा ग्लास मागू नकोस.