चूल एक, नळ एक

प्रिय ऑपलताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे लेलंडचा, गुडघा परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल, ओमाहातला नवा डॉक्टर जुन्यापेक्षा कमी बडबडा असेल आणि तुझं मांजर अजून हयात असेल असं धरून चालतो. (नसल्यास सांत्वनाचं पत्र वेगळं पाठवीन, हे आनंदाचं आहे, त्यात ते घुसडत नाही.) मी ठणठणीत आहे. ठणठणीत कसला, हवेत आहे! आधी कॉफी घेऊन बस, कारण हे सगळं सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय तुला पटणार नाही.

तू लग्न करून गेलीस तेव्हा आपल्या ड्राय विलो गावाच्या चारी बाजूंना बिटाची शेतं होती. आता त्या शेतांत घरं उगवतात, तीही एकसारखी, की पाहुणा आला तर भलत्याच्याच दारात केक ठेवून जातो. एवढ्या लोकांना पाणी द्यायचं म्हणजे नव्या विहिरी आणि जाड पाइप हवेत, आणि ते पाणी वापरून झाल्यावर कुठं जातं याचाही विचार करायला हवा. आपलं सांडपाण्याचं केंद्र तुडुंब भरलंय. पश्चिमेचा वारा सुटला की ते आपणहून कळवतं. म्हणून पाणीपुरवठा मंडळानं ठरवलं की यापुढं गावात जो कोणी नवं घर बांधेल त्यानं नळजोडणीच्या आधी विकास शुल्क भरायचं. त्यावर शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सभा झाली. बिल्डरांची माणसं टाय लावून आली होती आणि रडत होती, की एवढं शुल्क लावलंत तर गावात नवीन माणूस येईल कसा? ताई, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी उठलो आणि माइक नसताना मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वाढीचा खर्च वाढीनं द्यावा!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! शुल्क मंजूर झालं. एका अनोळखी बाईनं मला तिथंच पीचचं गोड सारण भरून भाजलेला अख्खा पाय आणून दिला. मंडळानं माझं वाक्य कापडावर रंगवून कचेरीच्या दारावर टांगलं (खाली माझं नाव घालायचं राहिलं, पण मी ते मनाला लावून घेतलेलं नाही, दोनदाच फोन केला).

आणि पुढच्याच रविवारी माझ्या पोरीचा, मार्नीचा फोन. ताई, तू आजी होणार! म्हणजे मी आजोबा, तू आत्याआजी, पण ओळीत तूही आलीस. बाळ वसंतात येणार. मार्नी म्हणाली, आपल्या परसात छोटंसं घर बांधून इथंच राहावं असं तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, टायच्या, मनात आहे. टायला ओरेगॉनात नोकरी चालून आली आहे; इथं घराचं जमलं नाही, तर हिवाळ्यापूर्वी ते तिकडे जाणार. ओरेगॉन! तिथून नातवंड वर्षातून एकदा दिसतं, तेही उंची वाढल्यावर. मी तडक मंडळाच्या कचेरीत गेलो, माझ्याच वाक्याखालून आत शिरलो आणि खिडकीतल्या ग्लेंडाला सगळं सांगितलं. ग्लेंडानं चष्मा वर केला. "म्हणजे लेलंड, तुमच्याच घरी वाढ होणार म्हणायची," असं म्हणून तिनं जो आकडा सांगितला त्यात नवीकोरी पिकअप आली असती. मी म्हटलं, घर एवढंसं आहे, एकच नळ बसवू. तर ती म्हणाली की शुल्क नळांवर नसतं, रस्त्याखालच्या मोठ्या पाइपला जोडण्यावर असतं. पुढं एक तोटी लावा नाहीतर कारंजं उडवा. सभेत हे कुणी नीट समजावलं नव्हतं. (समजावलं असेल. मी तो पीचचा पाय खात होतो.)

पण मी हार मानणारा नाही. नियमांत एक फट होती: त्या जागेवर पूर्वी कधी जोडणी असेल, तर नवं शुल्क माफ. मला एकदम बाबांची अंडी धुवायची शेड आठवली! तिथं पाणी होतं की नाही? होतं, कारण तू मला त्यात ढकललं होतंस. झालं, मी खोदायचं छोटं यंत्र भाड्यानं आणलं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. अर्धी गल्ली घडीच्या खुर्च्या घेऊन परसात आली, शेजारच्या लोरेटानं हिरव्या मिरचीचा रस्सा आणला, जो तो बोट दाखवून सांगत होता की शेड इथं होती, नाही, तिथं होती. दुपारी यंत्राचा दात लोखंडाला लागला. ठण्ण! लोक उभे राहिले. लोरेटानं मला मिठी मारली. मी विजयी वीरासारखा हात वर केला आणि यंत्र आणखी थोडं पुढं दाबलं.

ताई, पाणी आलं. पण ते गावातून घरी येणारं नव्हतं, घरातून गावात जाणारं होतं. माझ्याच न्हाणीघराची आणि संडासाची लाइन मी मधोमध फोडली होती. खुर्च्या ज्या वेगानं मागं गेल्या तो वेग या गल्लीत आगीच्या वेळीही दिसला नव्हता. रश्शाचं पातेलं तिथंच राहिलं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मग मंडळाचा रुबेन आर्चुलेटा आला. (हा शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हाही माझ्या चुका मोजायचा.) खड्ड्याच्या काठावर उभा राहून तो पोट धरधरून हसला, मग डोळे पुसत म्हणाला, "अरे शहाण्या, पोरीला घर हवंय की चूल हवीय?" मला अर्थ लागेना. तेव्हा त्यानं सांगितलं की मंडळाच्या हिशेबी वेगळं घर म्हणजे वेगळी चूल. जिथं दुसरी शेगडी बसली तिथं दुसरं घर झालं आणि शुल्क लागलं. तेच बांधकाम छप्पर टाकून मूळ घराला जोडलं, मधे दार ठेवलं आणि स्वयंपाक एकाच शेगडीवर केला, तर ती फक्त वाढीव खोली. तिला शुल्क नाही. म्हणजे पोरीनं वेगळी चूल मांडली नाही की झालं!

मी त्याच चिखलाच्या बुटांनी मार्नीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे रोज तुमच्याबरोबर जेवायचं?"

मी म्हटलं, काय करणार, नियम आहे.

"आणि टायची मसुराची डाळ तुम्हाला चालेल?" (टाय मांस खात नाही. गुरांच्या गावात असा जावई मिळणं हेही नशीबच.)

मी म्हटलं, नियमापुढं कुणाचं चालतं? आवाज शक्य तितका दुःखी ठेवला होता. पण ताई, फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. मार्नीची आई, माझी जॉइस, देवाघरी गेल्यापासून मी टेबलावर बसून जेवलेलो नाही. मोरीपाशी उभ्यानं डबा उघडतो, खातो, चमचा धुतो. आता टेबलावर चार ताटं लागणार (चौथं बाळाचं), आणि मसूर तर मसूर! परवा मार्नी आणि टाय मापं घ्यायला आले. दोघं कबूल आहेत. या आठवड्यात पाया खणणार, अर्थात मी नाही.

तब्येतीला जप, आणि मांजराला (असल्यास) माझा नमस्कार.

तुझाच,
लेलंड

ता. क. मधलं दार फक्त बैठकीच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीत काढता येतं, आणि तिथं तुझा पियानो आहे, जो तू लग्नाच्या वेळी 'तात्पुरता' ठेवला होतास. तो हलवायला तुझी परवानगी हवी. कृपा करून लगेच कळव.

ता. क. २. परवानगी मिळेल असं समजून पियानो हलवला. परसात ताडपत्रीखाली आहे. इथं पाऊस पडत नाही, तू काळजी करू नकोस.

ता. क. ३. आता खरं काम. काल रात्रीच्या बैठकीत मंडळानं ठराव केला की परसातल्या छोट्या घरांना शुल्क अगदी नाममात्र लावायचं, चूल वेगळी असली तरी. रुबेननं मला सकाळी सांगितलं. मी मार्नीला सांगितलेलं नाही. तिचा फोन आला तर तूही बोलू नकोस, निदान मधलं दार बसेपर्यंत तरी. तू माझी थोरली बहीण आहेस, एवढं करशीलच. पाकीट मी स्वतः घट्ट चिकटवलं आहे. मार्नी गावात चाललीय, ती टपालात टाकेल.

(पाकिटाच्या पाठीवर, दुसऱ्या अक्षरात:)

ऑपल आत्या, नमस्कार. बाबांनी यात काय लिहिलंय ठाऊक नाही, पण कालच्या बैठकीला मी आणि टाय मागच्या रांगेत होतो. वेगळी शेगडी आम्हाला नको आहे. बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटतंय आम्हाला माहीत नाही. — मार्नी