डावखुरी भिक्षुणी

ती. आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

सहा वर्षं मी जिच्यावर काम करतेय ती बौद्ध पोथी भिक्षूने नव्हे, एका भिक्षुणीने लिहिली, असं माझं म्हणणं. आमचे विभागप्रमुख हसायचे. "अहो बाई, तेव्हा बायका पोथ्या ऐकायच्या, लिहायच्या नाहीत." हल्ली हसत नाहीत. माझ्या कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, आणि आतल्या माझ्या टिपणांच्या वहीची फीत मी बांधते तशी सापडत नाही.

आम्ही साखर चोरतो का ते कळावं म्हणून तू डब्यातल्या साखरेवर बोटाने रेघ ओढून ठेवायचीस. तशी रेघ मी वहीत ओढली. 'ही भिक्षुणी डावखुरी होती,' असं लिहून ठेवलं. पोथीत असं काहीच नाही.

काल भरल्या चर्चासत्रात सरांनी स्वतःचा नवा शोध सांगितला. पोथी बाईनेच लिहिली म्हणाले, आणि ती बाई डावखुरी होती, हेही.

मी हात वर केला. "सर, हे कुठल्या पानावर आहे?"

ते अजून पानं उलटताहेत, असं समज.

काळजी करू नकोस. वही आता उशाखाली असते. दादाला कळवू नकोस, तो मिळेल त्या गाडीने निघेल.

आणि रागावू नकोस. त्या भिक्षुणीला मी तुझाच डावा हात दिला. लिहिणारी बाई म्हटल्यावर मला दुसरा हात आठवलाच नाही.

तुझी,
साखरचोर